बसून धार: काकांच्या ग्राइंडर स्टँडच्या नोंदी

9 जून

काम असं. काकांच्या खोपीतला आठ इंची बेंच ग्राइंडर (धार लावायचं, दोन फिरत्या चाकांचं मशीन) उभ्याने वापरायच्या लोखंडी स्टँडवर आहे. तो बसून वापरता यावा असं करायचं. काका वाघोटनच्या खाडीकाठी होड्यांचं सुतारकाम करत आले. मोठं काम आता चुलतभाऊ बघतो, पण धार काकांकडेच येते: वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पटाश्या, रंध्याची पाती, आणि वाडीतले कोयते, आडाळ्या, म्हणजे विळ्या. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे दुरुस्तीचा हंगाम हाच. नारळी पौर्णिमेच्या आत ज्याला त्याला हत्यार तयार हवं असतं.

काकांना साखर आहे, बरीच वर्षं. डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून बघितला. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा धागा असतो तो, आणि डोळे मिटून रुग्णाने सांगायचं, कुठे लागला. डाव्या पायाला काकांना एकही जागा सांगता आली नाही. गुडघेही झिजलेत. फार वेळ उभं राहायचं नाही, असं सांगितलंय. धार लावायची नाही असं कुणी सांगितलेलं नाही, आणि ते काम काकांच्या हातात राहावं असं मला मनापासून वाटतं.

10 जून

वाडीतल्या प्रत्येकाचा एकच सल्ला: स्टँडचे पाय काप. काकांचाही तोच. "फूटभर काप नि दे, झाला."

कापण्याआधी मोजायला घेतलं. काकांना नेहमीच्या खुर्चीत बसवलं, कोपर अंगालगत, हात काटकोनात. जमिनीपासून बैठक 430 मिलिमीटर, कोपर 645, मांडीची वरची बाजू 575. म्हणजे मांडी आणि कोपर यांच्यात उरले फक्त 70. इकडे ग्राइंडरच्या तळापासून टूल रेस्टपर्यंतच (चाकापुढची हत्यार टेकायची जागा) 150 भरतात, त्याखाली प्लेट आणि अँगल वेगळे. हत्यार कोपराच्या उंचीला आणायचं तर मशीन मांडीत घुसतं. मांडी मोकळी ठेवायची तर हत्यार छातीशी येतं आणि खांदे वर चढतात. मग माणूस पाय फाकून, पुढे वाकून, तोंड चाकाजवळ नेऊन काम करतो. फूटभर कापलेल्या स्टँडवर नेमकं हेच होणार.

टेबल खाली आणून हे गणित सुटत नाही. बैठक वर नेली तर सुटेल असं दिसतंय. बैठक उंच झाली की मांडी पुढे उतरती होते. गुडघा जवळपास तिथेच राहतो आणि कोपर वर जातं.

12 जून

पाऊस धरून आहे. कुंपणाच्या कामातले उरलेले चिरे खोपीत आणले. जांभ्याचा चिरा अशा चाचणीला फार सोयीचा: जड, सपाट, हवा तेवढा रचावा नि काढावा. चिऱ्यांवर फळी ठेवून बैठक केली, समोर दुसऱ्या थरावर बंद ग्राइंडर ठेवला, वायर काढून. हातात बोथट कोयता.

बैठक 480 ला फारसा फरक पडला नाही. 540 ला काका स्वतःच म्हणाले, "आता ढोपरां मोकळी." मोजलं: कोपर 755, गुडघ्याची वरची बाजू 530. सत्तरच्या जागी सव्वादोनशे मिलिमीटर. शिवाय एवढ्या उंचीवरून उठताना गुडघ्यांना त्रास कमी होतो, हे काकांच्या चेहऱ्यावरच दिसलं. खालच्या खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी मांड्या दाबतात, इथून नुसते पुढे सरकून उभे राहिले.

एक शंका राहिली. उंच बैठकीवर थोडं वजन पायांवर जातंच. फिजिओथेरपिस्टना फोनवर विचारलं. त्यांचं म्हणणं, दोन्ही तळवे पूर्ण टेकत असतील, टाचा अधांतरी नसतील आणि अधूनमधून उठणं होत असेल तर चालेल. तळवे रोज रात्री बघायचे. काकी ते करतेच.

13 जून

हत्यार टेकेल ती उंची 790 ठरवली, कोपराच्या थोडी वर. धार बघण्याचं काम बारीक असतं, तिथे हात किंचित वर आलेला बरा. पण ओझं खांद्यावर येऊ नये म्हणून समोर मनगट आणि अर्धा हात टेकायला रुंद पट्टी हवी. "हात खयसर टेकू?" हा काकांचा पहिलाच प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. उभ्याने काम करताना अंगाचा तोल पायांवर असतो. बसल्यावर तो तोल कुठेतरी द्यावा लागतो.

15 जून

ठिणग्या. आज बाकी काही केलं नाही.

ग्राइंडरचं चाक वरून आपल्याकडे येतं आणि टूल रेस्टपाशी खाली जातं. म्हणून ठिणग्यांचा झोत सरळ खाली पडतो. उभ्या माणसाच्या बाबतीत तो नडगीपुढे जमिनीवर पडतो, फार तर चपलेवर. बसलेल्या माणसाच्या बाबतीत खाली मांडी असते. एप्रन घातला तरी बसल्यावर दोन मांड्यांच्या मध्ये त्याची झोळी होते आणि गरम कीस तिथे साठतो. काका घरी लुंगीत असतात. सुती लुंगी पेटते, टेरिकॉटची वितळून कातडीला चिकटते.

आणि पाय. ज्या पायाला धागा कळत नाही त्याला ठिणगीही कळणार नाही. मागच्या वर्षी डाव्या पायाच्या बोटाजवळ एक काळी जखम काकीला दिसली होती, तेव्हा काका एवढंच म्हणाले होते, "माका कायच समाजला नाय." ती भरायला पावसाळा गेला. त्यामुळे एप्रन आणि बूट हे शेवटचं संरक्षण धरायचं. ठिणगी मांडीपर्यंत पोचायच्या आधीच स्टँडने ती अडवायला हवी.

उपाय म्हणून पन्हळ करायची. 16 गेज पत्र्याची, टूल रेस्टच्या अगदी खाली तोंड, तिथून मागे उतरती, गुडघ्यांच्या पलीकडे जाऊन पाण्याच्या बादलीत. पुढच्या ओठाला पत्र्याची उभी पट्टी, म्हणजे उलटून येणारा कीस अंगावर येणार नाही. मांडीकडच्या बाजूला दुसरा पत्रा, मध्ये बोटभर हवा, नाहीतर पन्हळच तापून गुडघ्याला चटका देईल. तोही कळला नाही तर काय उपयोग.

खोपीतला भुसा आणि रंध्याचा कीस ग्राइंडरच्या आसपास राहता कामा नये, हे चुलतभावाला आजच सांगितलं. मधे सिमेंटचा पत्रा उभा करतोय.

18 जून

कणकवलीहून माल आणला. 50 बाय 50 चा चौकोनी पाइप, 3 मिलिमीटर जाडीचा. 8 ची प्लेट. 40 चा अँगल. नो-व्होल्ट स्टार्टर आणि लाल छत्री बटण. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच.

19 जून

सांगाड्याचा आकार. जुना स्टँड म्हणजे मधोमध एक खांब आणि खाली गोल पाया. बसणाऱ्याचे पाय नेमके तिथेच जातात. नव्याला दोन बाजूंना दोन चौकटी, मधे 700 मोकळं. चौकटीचे उभे पाय मागे आणि वरची भुजा पुढे, म्हणजे गुडघ्यापुढे काही येत नाही. पावलांना आत 450 जागा. जमिनीलगतचे आडवे पाइप दोन्ही बाहेरच्या अंगाला, कडा घासून गोल, वर जुन्या ट्यूबचं रबर. ज्याला पायाला काय लागलं ते कळत नाही त्याच्या पायाशी उघडी लोखंडी कड ठेवायची नाही.

मशीन मधोमध बसवणार नाही. कोयत्याची मूठ बसलेल्या माणसाच्या पोटाला भिडते, चिऱ्यांवरच्या चाचणीत ते स्पष्ट दिसलं. म्हणून डावं चाकच वापरायचं, आणि ते काकांच्या अंगाच्या मध्यरेषेपासून दीडशे मिलिमीटर उजवीकडे. मूठ कमरेच्या बाजूने निघून जाते. शिवाय चाकाच्या रेषेतून छाती बाहेर राहते, आणि हा फायदा जास्त मोलाचा. आठ इंची चाक मिनिटाला 2850 फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड ताशी शंभर किलोमीटरच्या वर असते. चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत येतात. उभा माणूस सुरू करताना एक पाऊल बाजूला होतो, ते आम्हाला आयटीआयमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. बसलेल्याला ते पाऊल नाही. म्हणून मशीनच बाजूला सरकवायचं.

23 जून

आर्द्रा जोरात. वेल्डिंगच्या कांड्या सादळल्यात. ठिणगी फुटते पण जोडाचा मणी नीट बसत नाही, छिद्रं पडतात. काकीच्या चुलीच्या वैलावर कांड्या डब्यात घालून ठेवल्या. उद्या बघू.

25 जून

कोरड्या कांड्यांनी दोन्ही चौकटी झाल्या. पुढे आलेल्या भुजांना खालून तिरके आधार दिले, पण गुडघ्याच्या जागेत न येता, पाइपच्या बाहेरच्या अंगाला. पुढे लोंबणाऱ्या भुजेवर मशीन ठेवलं की ती थरथरते, आणि थरथर आली की पातं नाचतं. प्लेटखाली अँगलचा आडवा जोड घेतला. मशीनच्या चार बोल्टखाली रबर.

सुरू करून बघितलं. वरच्या प्लेटवर पाण्याची वाटी ठेवली तर पाण्यावर बारीक लहरी दिसतात, वाटी जागची हलत नाही. चाक ड्रेसरने सरळ करून घेतल्यावर लहरी आणखी कमी झाल्या. थरथरीतला मोठा वाटा चाकाच्या वेडेवाकडेपणाचाच होता.

28 जून

बटणाची जागा. यावर काकांशी बराच वेळ बोलले.

ग्राइंडरचं मूळ बटण मोटरच्या खाली, दोन चाकांच्या मधे. बसल्यावर तिथे हात न्यायचा म्हणजे फिरत्या चाकापुढून न्यायचा. ते बंद करून टाकलं. पायाने दाबायचा पेडल बाजारात सहज मिळतो आणि चुलतभावाला तोच पसंत होता. पण डाव्या पायाला पेडलवर आपण आहोत की नाही हेच कळणार नाही. उजव्याचीही खात्री किती वर्षं देणार? पेडल नाही.

शेवटी स्टार्टर डाव्या चौकटीवर. सुरू करायचं बटण आत बसलेलं, बोट घालून दाबायचं, त्याला डावीकडे झुकावंच लागतं आणि अंग आपोआप चाकापासून लांब जातं. बंद करायची लाल छत्री मात्र टेकायच्या पट्टीच्या डाव्या टोकाला, बाहेर आलेली. मनगटाने, कोपराने, कशानेही दाबली तरी बंद. दोन्ही हात कोयत्यावर असताना डावं कोपर दोन इंच सरकवलं की पुरतं. काका डोळे मिटून दाबून बघत होते. तसंच बघायला हवं.

नो-व्होल्ट घेण्याचं कारण आमच्याकडे पावसाळ्यात कुणाला समजवायला नको. वीज जाते आणि न सांगता येते. साध्या बटणावर मशीन वीज आल्याबरोबर परत फिरायला लागतं, आणि तोवर माणूस पातं चाकाला टेकवून बघत बसलेला असतो. नो-व्होल्टमध्ये वीज गेली की संपर्क सुटतो, पुन्हा बटण दाबेपर्यंत चालू होत नाही. ओल्या खोपीसाठी आरसीसीबी आणि अर्थिंग वेगळं केलं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक होते, म्हणून अर्थिंगचा खड्डा माडाच्या आळ्याजवळ घेतला, तिथे बारमाही पाणी मुरतं.

एक गोष्ट बटणाने सुटत नाही. बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि त्या वेळात आवाज नसल्यामुळे ते जास्त फसवं असतं. चाक थांबेपर्यंत दोन्ही हात पट्टीवर, असं काकांनी स्वतःहून ठरवलं.

2 जुलै

बैठक. फणसाची फळी, काकांनीच निवडली आणि रंधली. पुढे थोडा उतार, पुढची कड गोल, म्हणजे मांडीखालची शीर दबत नाही. उतारावरून घसरू नये म्हणून वर जाड रबरी चटई. कमरेला टेकू. डाव्या हाताला आधाराची मूठ, उजवी बाजू मोकळी. चाकं लावली नाहीत. चाकांची खुर्ची ग्राइंडरपुढे कधीच नको, हत्यार दाबलं की माणूस मागे जातो. चारही पाय स्टँडच्या पाइपांना दोन पट्ट्यांनी अडकवलेत, म्हणजे रोज तेच अंतर राहतं. बाहेरचं कुणी बसलं तर पट्टी काढून सरकवता येते.

5 जुलै

स्टँड जमिनीला धरायचा कसा? खोपीत खाली जांभा, वर पातळ कोबा. फास्टनर मारला तर जांभा भुसभुशीत होऊन सुटतो. दोन्ही बाजूंना खड्डे घेऊन काँक्रीट भरलं, त्यात वाकवलेले बोल्ट सोडले.

कामापुरता स्टँड नुसत्या वजनानेही उभा राहिला असता. पण गुडघे दुखणारा माणूस उठताना जे समोर असेल ते धरतो. काका टेकायची पट्टी धरूनच उठतात, मी बघितलंय. ते ओढणं सगळं स्टँडवर येतं आणि दिशा आपल्याकडे असते. म्हणून बोल्ट. शिवाय डावीकडच्या खांबाला उभी दांडी लावली, जमिनीपासून 800 ते 1200, खास उठण्यासाठी. ती असली की हात मशीनकडे जात नाही.

11 जुलै

पन्हळ बसली. जुना कोयता लावून ठिणग्या पाडल्या, बैठकीवर मांडीच्या जागी ओला गोणपाट आणि त्यावर पांढरा कागद. पहिल्यांदा कागदाच्या उजव्या कडेला करडे ठिपके आले. कोयता तिरका धरला की झोत बाजूला जातो, पन्हळीच्या बाहेर. उजवीकडे पत्र्याचा कान वाढवला, टूल रेस्टच्या पातळीपर्यंत. मग कागद कोरा राहिला. कोयता सरळ, तिरका, टोकाकडून, मुठीकडून, सगळं करून बघितलं. पायाशी ठेवलेल्या कागदावरही काही नाही.

टूल रेस्ट आणि चाक यांत 3 मिलिमीटरच्या वर फट नको, वरच्या जिभेपाशी (गार्डच्या, म्हणजे चाकावरच्या झाकणाच्या, पुढच्या पट्टीपाशी) 6 च्या वर नको. बारीक पातं त्या फटीत ओढलं गेलं तर बसलेल्याचा हात लगेच मागे येत नाही. दोन जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या दोरीने स्टँडला बांधून ठेवल्या. बसल्या बसल्या घालून बघायचं.

12 जुलै

दिवा. वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात फिरतं चाक कधी कधी जवळजवळ थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं, दिव्याच्या लुकलुकण्यामुळे. मशीनवर वेगळा न लुकलुकणारा दिवा लावला, डावीकडून. बसल्यावर डोळा चाकाच्या जवळ येतो म्हणून गॉगल हवाच, नुसती मशीनवरची काच पुरत नाही.

16 जुलै

काकांनी पहिलं खरं काम केलं. चामड्याचा एप्रन, पूर्ण पँट, बंद बूट. चाकावर लाकडी मुठीने टिचकी मारून आवाज ऐकला. खणखणीत म्हणजे चाक अखंड, बद्द आवाज म्हणजे तडा. ही सवय त्यांची जुनीच.

आधी दोन कोयते, मग रंध्याचं पातं. पातं त्यांनी नेहमीसारखं धरलं: डाव्या हाताची तर्जनी टूल रेस्टच्या खालून टेकलेली, अंगठा वर, उजवा हात नुसता सरकवणारा. दोन फेऱ्या, पाणी. दोन फेऱ्या, पाणी. धारेवर आधी पिवळसर छटा येते, मग तपकिरी, मग निळी. निळी आली की पातं नरम पडलं, पोलादाचं पाणी उतरलं. काकांच्या पात्यावर पिवळी छटाही आली नाही. उभ्याने करताना अलीकडे त्यांचं पातं कडेला निळं पडायचं, कारण पाय दुखायला लागले की घाई व्हायची. आज घाई नव्हती. पाण्याचा डबा उजव्या हाताला, वाकावं लागत नाही.

मधे उठले, दांडी धरून, पडवीत जाऊन पाणी पिऊन आले. परत बसले. संध्याकाळी काकीने तळवे बघितले, मी मांड्या बघितल्या, म्हणजे एप्रन. एकही नवा डाग नाही.

"ह्या बरा हा," एवढंच म्हणाले. आणि लगेच दिवा हातभर मागे घ्यायला सांगितलं.

21 जुलै

वाकस. याचं पातं वाकडं, दांड्यासकट बसून फिरवणं अवघड. काका दांडा ठोकून काढतात, पात्याच्या भोकात लाकडाची आखूड मूठ घालतात आणि धार लावून परत दांडा बसवतात. पूर्वीही मोठ्या वाकसाला हेच करायचे, आता सगळ्यांना करतात. मुठी दोन मापांच्या करून ठेवल्या आहेत.

लांब हत्यार चुलतभावाकडे, उभ्याच्या जुन्या स्टँडवर. त्यावर छोटा सहा इंची ग्राइंडर चढवलाय. जुना स्टँड कापला नाही ते बरं झालं.

27 जुलै

रंग. लोखंड तारेच्या ब्रशने घासून रेडऑक्साइडचा हात दिला होता, पण दमट हवेत दुसरा हात वाळत नाही, बोटाला चिकटतो. खाऱ्या वाऱ्यात उघडं ठेवता येत नाही म्हणून तोवर जोडांवर ग्रीस. पक्का रंग आश्विनात.

2 ऑगस्ट

शेजारच्या वाडीतून एकाने विचारलं, अस्सा स्टँड करून देशील का, माप काय? त्यांच्या आईला पोलिओ झालेला, त्या चाकाच्या खुर्चीवर बसून शिवणाच्या कात्र्यांना धार लावतात. हा स्टँड त्यांना चालणार नाही. चाकाच्या खुर्चीची बैठक वर नेता येत नाही आणि मांडी उतरती होत नाही. तिथे आठ इंची ग्राइंडरचा विचारच सोडून, कमी उंचीचं, हळू फिरणारं, पाण्यातलं आडवं चाक बघायला हवं. ते चपटं असतं, ठिणगी पडत नाही आणि पातंही तापत नाही. आधी चार मापं मागितली: बैठक, मांडीची वरची बाजू, कोपर, आणि पोटापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर. शिवाय खुर्चीच्या हातांची उंची, कारण तिथे आधी तेच अडणार.

4 ऑगस्ट

चाक झिजतंय, हंगामाचं काम आहे. 200 चं 185 झालं की हत्यार टेकायची जागा काकांपासून लांब जाते आणि झोत पन्हळीच्या ओठापासून मागे सरकतो. तिथवर ठीक. पण टूल रेस्ट पुढे घेतली की तिच्यामुळे ओठावर फट पडते. ओठाच्या पट्टीला लांबट भोकं पाडून, हाताने फिरवायच्या पंखवाल्या नटाने सरकती केली. टूल रेस्ट सरकवली की पट्टीही सरकवायची, दोन्ही नट एकाच रंगाने रंगवलेत. चाक 150 च्या खाली गेलं की बदलायचं. 150 ची खूण गार्डवर छिन्नीने मारून ठेवली आहे.